इंग्लंडमधल्या आगींचा हिशोब: लिहितं कोण, मोजतं कोण?

पेडगावकर
मंडळी, मी इंग्लंडात राहतो. आमच्या भागातलं अग्निशमन केंद्र रात्रीच्या वेळी बंद ठेवायचा प्रस्ताव आलाय आणि रहिवाशांकडून लेखी मतं मागवली आहेत. गंमत अशी की प्रस्तावाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघंही एकाच सरकारी आकडेवारीतले आकडे उचलून एकमेकांच्या अंगावर फेकतायत. एक म्हणतो, वीस वर्षांपूर्वीच्या मानाने आगी निम्म्याहून कमी झाल्या, मग एवढी केंद्रं पोसायची कशाला? दुसरा म्हणतो, नव्वदच्या दशकात पहिली गाडी सहा मिनिटांच्या आसपास पोचायची, आता सरासरी नऊच्या घरात गेली आहे आणि तुम्ही आणखी कुलपं लावताय.

आकडे दोघांचेही खरे आहेत, मी तपासले. पण ते तयार कसे होतात तेच मला कळत नाही. आग लागली, गाडी आली, विझवली, गेली. त्याची नोंद कोण करतं? आग कशाला म्हणायचं ते कोण ठरवतं? आणि ती नऊ मिनिटं कुठून कुठपर्यंत मोजतात? इथे कुणी या कामातलं असेल तर उजेड पाडा.

टग्या
उजेड पाडायला आगवाल्यांना बोलावताय. जपून.

निशा_यॉर्कशायर
मी इथल्याच एका अग्निशमन दलाच्या माहिती विभागात काम करते. कुठल्या ते विचारू नका.

घटनास्थळी ज्याच्याकडे सूत्रं असतात तो अधिकारी केंद्रावर परतला की संगणकावर फॉर्म भरतो. लहान घटनेत तो बहुधा पहिल्या गाडीचाच प्रमुख असतो. या प्रणालीचं नाव इन्सिडंट रेकॉर्डिंग सिस्टिम, सगळे आयआरएस म्हणतात. एप्रिल २००९ मध्ये ती आली. आग असो, खोटा अलार्म असो की लिफ्टमध्ये अडकलेलं माणूस, गाडी गेली की एक फॉर्म. त्याआधी कागद होते. मोठ्या आगीला एफडीआर-१ नावाचा सविस्तर फॉर्म, आणि कचरा-गवताच्या किरकोळ आगींसाठी एफडीआर-३, त्यात नुसत्या बेरजा. त्यामुळे २००९ च्या आधीच्या किरकोळ आगींबद्दल कुणी फार बारीक निष्कर्ष काढायला लागला की मी सावध होते. तेवढा तपशील तेव्हा लिहिलेलाच नव्हता.

वेळा नियंत्रण कक्षाच्या संगणकातून येतात: फोन कधी आला, गाड्यांना कधी कळवलं, कधी निघाल्या, कधी पोचल्या. पण 'पोचलो' ही नोंद गाडीतल्या माणसाने बटण दाबल्यावर पडते. खिडकीत कुणीतरी हात हलवत उभं असताना बटण आठवतं का? कधी आठवतं, कधी होज, म्हणजे पाण्याचा पाइप, जोडून झाल्यावर आठवतं.

बाकीचं माणूस भरतो. आग कुठल्या खोलीत सुरू झाली, कशाने पेटली, आधी काय पेटलं, धूरसूचक होता का, वाजला का, नसेल वाजला तर का नाही. 'आग' म्हटलं की प्रश्नांची एक रांग उघडते, 'खोटा अलार्म' म्हटलं की दुसरी, बरीच छोटी. मग फॉर्म आमच्याकडे येतात आणि आम्ही विसंगती शोधत बसतो. मागे एक आला होता: मोटारीची आग, आणि शेऱ्यात 'तिसऱ्या मजल्यावर'. आम्ही तो परत पाठवणारच होतो, तेवढ्यात एकाने केंद्रावर फोन लावला. बहुमजली पार्किंग होतं.

पुढे सगळं केंद्र सरकारकडे जातं. २०१६ पासून हे खातं गृह मंत्रालयाकडे होतं, एप्रिल २०२५ मध्ये गृहनिर्माण आणि स्थानिक सरकार मंत्रालयाकडे गेलं. एका ठरावीक दिवसापर्यंत जे जमा झालंय त्यावर तिमाही तक्ते निघतात. उशिरा आलेले आणि दुरुस्त झालेले फॉर्म पुढच्या खेपेला धरतात, म्हणून मागच्या वर्षाचा आकडा या वर्षी थोडा हललेला दिसतो. लोकांना त्यात लपवाछपवी दिसते. तसं काही नसतं.

बंबवाला
निशाताई, वाचून बरं वाटलं. मी महाराष्ट्रात एका पालिकेच्या दलात नोकरी केली, आता निवृत्त आहे. देश बदलला तरी दुखणं तेच. वर्दीवरून, म्हणजे आगीच्या बोलावण्यावरून, परत आलेला जवान आधी होज धुणार, टाकी भरणार, गाडी पुढच्या वर्दीला तयार करणार, मग कधीतरी वहीकडे वळणार. तोवर डोळ्यांत धूर आणि अंगात झोप.

आणि कारणाचा रकाना! तिथे 'शॉर्टसर्किट' लिहिलं की कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मालकाला चालतं, साहेबाला चालतं, दुसऱ्या दिवशी पेपरातही तेच छापून येतं. जळलेल्या खोलीत वायरी जळालेल्या सापडणारच. वायरीने आग लावली की आगीने वायर जाळली, हे शोधायला शांतपणे तासन् तास बसावं लागतं. तेवढ्यात पुढची वर्दी आलेली असते.

टग्या
शॉर्टसर्किट म्हणजे आगींचं 'हृदयक्रिया बंद पडल्याने निधन'.

डॉ_आरती
टग्या, डॉक्टर म्हणून हसू की रडू कळत नाहीये. पण उपमा चपखल आहे. हृदय शेवटी प्रत्येकाचं थांबतं, कारण ते नसतं.

आकडेमोडे
पेडगावकर, आग कशाला म्हणायचं ते ठरवणारी व्याख्या आहे आणि ती फार मजेदार आहे. तक्ते वाचायच्या आधी ही पाठ करा.

नुकसान करणारी आग 'प्रायमरी' ठरायला तीनपैकी एक अट पुरते. ती वापरातल्या इमारतीत, वाहनात किंवा ठरावीक प्रकारच्या बाहेरच्या बांधकामात लागलेली असावी. किंवा कुणी मेलं, जखमी झालं, कुणाची सुटका करावी लागली. किंवा पाच वा जास्त पंप गाड्या गेल्या. बाकी कचरा, गवत, टाकून दिलेली गाडी, ओसाड घर वगैरे 'सेकंडरी'. धुरांड्यातल्या धुरांड्यात राहिलेल्या आगींचं तिसरं खातं.

आता बघा काय होतं. ओसाड पडलेली गिरणी रात्रभर धडधडून जळाली आणि चारच पंप गेले, कुणाला इजा नाही, तर सेकंडरी. पाचवा पंप बोलावला की तीच आग प्रायमरी. टोस्टरमध्ये पाव पेटून वरचं कपाट काळं झालं, तर तेही प्रायमरी, कारण राहतं घर. म्हणजे 'प्रायमरी आगी इतक्या टक्क्यांनी घटल्या' हे वाचून मोठ्या भडकलेल्या आगी घटल्या असं समजू नका. त्यात टोस्टरही आले.

हेतूचंही तसंच. 'डेलिबरेट' म्हणजे मुद्दाम लावल्याचा संशय असलेली आग. तो जाळपोळीचा गुन्हा असेलच असं नाही, माणसाने स्वतःचं काही पेटवलं तरी इथेच येतं. आणि 'अॅक्सिडेंटल' मध्ये अपघाताने लागलेल्या आगींबरोबर ज्यांचं कारण कळलंच नाही त्याही येतात. तक्त्याखालची बारीक टीप कुणी वाचत नाही, आणि मग बातमी येते की बहुसंख्य आगी निष्काळजीपणामुळे.

सडेतोड
थोडक्यात सगळी धूळफेक. दमलेला माणूस अंदाजाने रकाने भरणार, कारण माहीत नसेल तर अपघात म्हणणार, आणि त्यावर मंत्री भाषणं ठोकणार. अशा आकड्यांपेक्षा केंद्रातल्या चार जुन्या लोकांना विचारलेलं काय वाईट?

निशा_यॉर्कशायर
सडेतोड, असहमत. जुने लोक लक्षात राहिलेल्या आगी सांगतात. लक्षात राहते ती भयंकर आग. दर आठवड्याला त्याच उपाहारगृहाचा वाजणारा अलार्म कुणी आठवणीने सांगत नाही, आणि गाड्यांचा वेळ तर तोच खातो.

शिवाय चूक दरवर्षी त्याच पद्धतीने होत असेल तर कल तरीही दिसतो. कारण न कळलेल्या आगी पूर्वीही अपघातातच धरायचे, आताही धरतात. मला धास्ती वेगळ्या गोष्टीची वाटते. मोजायची पद्धत तीच राहते, पण गाडी पाठवायचे नियम बदलतात. फॉर्म घटनेचा नसतो, गाडी गेल्याचा असतो. गाडी गेली नाही तर तक्त्याच्या दृष्टीने काही घडलंच नाही.

आकडेमोडे
याला ठसठशीत उदाहरण आहे. लंडन फायर ब्रिगेडने २९ ऑक्टोबर २०२४ पासून ठरवलं की बहुतेक व्यापारी इमारतींमधला स्वयंचलित अलार्म सकाळी ७ ते रात्री ८:३० दरम्यान नुसता वाजला, तर गाडी पाठवायची नाही. सोबत आग दिसल्याचा कुणाचा तरी फोन हवा. माझं मत विचाराल तर निर्णय शहाणपणाचा आहे, दिवसा तिथे माणसं असतात, त्यांनी जरा डोकावून बघावं. पण उद्या तक्त्यात लंडनचे खोटे अलार्म घटलेले दिसले तर यंत्रं सुधारली असा अर्थ काढू नका. यंत्रं तशीच बोंबलतायत, जाणारे थांबलेत.

दुसरं उलट्या दिशेचं. २०१५ पासून बऱ्याच दलांनी प्रयोग म्हणून रुग्णवाहिकेच्या जोडीने हृदयविकाराच्या वगैरे कॉलना जायला सुरुवात केली. 'आगीव्यतिरिक्त घटना' या रकान्यात वैद्यकीय आकडा एकदम वर गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये फायर ब्रिगेड्स युनियन या जवानांच्या संघटनेने पाठिंबा काढून घेतला आणि आकडा पुन्हा आपटला. तेवढ्या काळात लोक जास्त आजारी पडले आणि मग बरे झाले, असं थोडंच आहे?

गवतीचहा
अवांतर: झाडावर अडकलेलं मांजर कुठल्या रकान्यात जातं?

आकडेमोडे
आगीव्यतिरिक्त घटना, प्राणी साहाय्य. आणि हसू नका, लंडन ब्रिगेडने २००९ पासूनच्या प्राणी सुटकांची घटनावार यादी सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. प्राणी कुठला, कुठे अडकला, किती पंप गेले, अंदाजे खर्च किती. आकडेशास्त्र शिकवणाऱ्यांची ती आवडती यादी आहे. मांजरं पहिल्या क्रमांकावर, बरीच पुढे.

गवतीचहा
खर्चासकट! आमच्या बोक्याला हे वाचून दाखवते.

टग्या
त्या यादीत 'मांजर' हे एकाच स्पेलिंगमध्ये आहे का? निशाताईंना काम मिळेल.

आकडेमोडे
टग्या, चेष्टेत खरं बोललात. त्यात मोठ्या अक्षराने सुरू होणारं 'कॅट' आणि लहान अक्षराने सुरू होणारं 'कॅट' असे दोन वेगळे प्राणी आहेत. संगणकाला ते नातेवाईकसुद्धा वाटत नाहीत.

मिनेसोटाकर
इकडे अमेरिकेत मी आमच्या गावच्या स्वयंसेवी दलात आहे, त्यामुळे राहवेना. आमच्याकडे एनफिर्स नावाची राष्ट्रीय प्रणाली होती, १९७० च्या दशकापासूनची. प्रत्येक घटनेला तीन आकडी कोड. १११ म्हणजे इमारतीची आग. ११३ म्हणजे भांड्याबाहेर न गेलेली स्वयंपाकाची आग. ७४५ म्हणजे आग नसताना वाजलेली अलार्म यंत्रणा. ६११ म्हणजे निघालो खरे, पण वाटेतच परत बोलावलं.

आता मानवी स्वभाव बघा. १११ लिहिलं की आगीची, इमारतीची अशी पुढची पानंच्या पानं उघडतात. ११३ लिहिलं की थोडक्यात सुटका. भांड्यातली आग शेजारच्या पडद्याला जरा चाटून गेली असेल, तर रात्री दोन वाजता फुकट काम करणारा माणूस काय लिहील? मी नावं घेत नाही.

आणि केंद्र सरकारच्या पातळीवर नोंद पाठवायची सक्ती नव्हती. काही राज्यं सक्ती करतात, काही नाही. त्यामुळे देशाचा आकडा हवा तर एनएफपीए ही अग्निसुरक्षेचं काम करणारी संस्था दलांची वेगळी नमुना पाहणी करून अंदाज बांधते. २०२५ च्या अखेरीस एनफिर्स बंद करून नेरिस नावाच्या नव्या प्रणालीवर जायचं ठरलं. बाय द वे, आमच्या दलांच्या कॉलमध्ये जवळपास दोन तृतीयांश वैद्यकीय असतात. आगी शंभरात चार-पाच. नाव मात्र 'फायर डिपार्टमेंट'.

सडेतोड
इंग्लंडमध्ये सक्ती आहे का?

निशा_यॉर्कशायर
इथे सगळी दलं पाठवतात, त्यामुळे नमुना पाहणीवरून अंदाज बांधायची गरज पडत नाही. इंग्लंडात दलं ४४ आहेत, ती एकच फॉर्म भरतात, हा मोठा फायदा. भोकं पडतात ती वेगळ्या कारणांनी. २००२-०३ मध्ये अग्निशमन जवानांच्या संपात लष्कराचे लोक जुन्या हिरव्या गाड्या घेऊन आगी विझवत होते. त्या वर्षाच्या आकड्याखाली आजही टीप असते की संपकाळातल्या नोंद न झालेल्या घटना यात धरलेल्या नाहीत. टीप न वाचता आलेख काढला की वाटतं, संपावर गेल्यावर आगी कमी लागतात.

टग्या
व्यवस्थापनाला हा आलेख दाखवू नका.

रानवारा
आपल्याकडे काय परिस्थिती आहे? एवढ्या इमारती जळतात, आकडा कुठे बघायचा?

बंबवाला
रानवारा, अग्निशमन हा राज्याचा आणि पालिकांचा विषय, त्यामुळे प्रत्येक दलाची वही वेगळी. देशभरच्या घटनांची एका साच्यातली नोंद नाही. लोक बघतात ते एनसीआरबीचं, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचं, अपघाती मृत्यूंचं वार्षिक पुस्तक. पण ते भरतं पोलीस ठाण्यातून, बंबावरून नाही. पोलिसांच्या दप्तरात आग शिरते ती मुख्यतः माणूस दगावल्यावर. म्हणून त्यात आगींची संख्या आणि मृतांची संख्या जवळजवळ सारखी दिसते. वरवर वाचणाऱ्याला वाटेल, भारतात दर आगीमागे एक माणूस मरतो. हजारो आगी अशा असतात जिथे कुणाला ओरखडाही येत नाही. त्या कुठे गेल्या? वहीत. वही कुठे? केंद्राच्या माळ्यावर.

संपादक
भारतातल्या आकडेवारीवर स्वतंत्र धागा काढावा, मोठा विषय आहे. इथे मूळ प्रश्नाला धरून राहू या.

डॉ_आरती
मूळ विषयातच राहून एक शंका. मृत्यू आणि जखमी कसे मोजतात? मी भाजलेल्या रुग्णांच्या विभागात काम केलंय. माणूस आगीच्या दिवशी मरतोच असं नाही. तीन आठवड्यांनी जंतुसंसर्गाने जातो. तोवर फॉर्म कधीच भरून झालेला असेल.

निशा_यॉर्कशायर
डॉक्टर, व्याख्या अशी आहे की आग लागली नसती तर जो मृत्यू झाला नसता तो आगीचा मृत्यू, मग तो काही आठवड्यांनी, महिन्यांनी झाला तरी. त्यासाठी फॉर्म पुन्हा उघडतात. अडचण उलट्या बाजूने जास्त येते. एकटा राहणारा म्हातारा माणूस खुर्चीत मेलेला, हातातल्या सिगारेटने गादी जळलेली. आधी हृदय थांबलं आणि मग सिगारेट पडली, की धुराने गेला? ते कॉरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणारा अधिकारी, ठरवतो आणि त्याला महिने लागतात. तोवर आमच्या फॉर्मवर 'माहीत नाही', आणि तो आकड्यात आगीचाच मृत्यू धरला जातो. म्हणून ताज्या वर्षाचा मृत्यूंचा आकडा नेहमी कच्चा समजावा.

डॉ_आरती
हे पटलं. जखमींचं वर्गीकरण मात्र अजिबात पटलं नाही, आत्ताच टीपा वाचल्या. रुग्णालयात एक रात्र काढली की 'गंभीर'. म्हणजे धूर गेला म्हणून सकाळपर्यंत ऑक्सिजनवर ठेवलेली मुलगी आणि चाळीस टक्के भाजून महिनाभर कातडीरोपण सोसणारा माणूस एकाच ओळीत. वैद्यकीय दृष्टीने याला काही अर्थ नाही.

निशा_यॉर्कशायर
मान्य. पण फॉर्म भरणारा डॉक्टर नाही. त्याला बाहेरून दिसेल, विचारता येईल अशीच खूण लागते. दाखल करून घेतलं का, हे तो फोन करून विचारू शकतो. किती खोल भाजलंय, ते नाही. रुग्णालयाच्या नोंदींशी प्रत्येक केस जोडता आली तर तुमचं म्हणणं साधेल. पण आमच्याकडे रुग्णाचा क्रमांक नसतो आणि तुमच्याकडे आमचा घटना क्रमांक नसतो.

डॉ_आरती
हं. दोन खिडक्या, मध्ये भिंत. ओळखीचं आहे.

आकडेमोडे
मृत्यूंबद्दल एक भर घालतो. इथलं वर्ष एप्रिल ते मार्च. १४ जून २०१७ ला लंडनमधली ग्रेनफेल टॉवर ही उंच निवासी इमारत जळाली, ७२ माणसं गेली. म्हणजे ते २०१७-१८ मध्ये धरतात. घटनांच्या तक्त्यात ती एक आग. शेजारच्या ओळीत टोस्टरची, तीही एक. मृत्यूंच्या आलेखात मात्र त्या वर्षी सुळका दिसतो. वर्षाला मृत्यू काहीशेच असले की एका रात्रीने सगळा कल हलतो. त्यामुळे 'या वर्षी मृत्यू वाढले' किंवा 'घटले' ही एका वर्षाची बातमी मी सोडून देतो. पाच-दहा वर्षं एकत्र बघावी.

फोन आणि घटना यांचीही गल्लत करू नका. १९ जुलै २०२२, इंग्लंडात पहिल्यांदाच पारा चाळिशीच्या वर गेला. लंडन ब्रिगेडला त्या दिवशी २,६०० हून जास्त फोन आले. पूर्वेकडच्या वेनिंग्टन गावात गवताची आग घरांच्या रांगेत घुसली. पण धूर दहा जणांना दिसतो, दहाही फोन करतात, आणि घटना एकच. पेपरवाले फोनचा आकडा छापतात कारण तो मोठा असतो.

रानवारा
आणि फोनच केला नाही तर? आमच्याकडे तव्यावर तेल पेटलं होतं, झाकण टाकलं, विझलं. संपलं.

आकडेमोडे
मग तुम्ही कुठल्याच तक्त्यात नाही. घरगुती आगींचा मोठा हिस्सा असाच बाहेर राहतो. म्हणून पूर्वी घरांच्या पाहणीत थेट लोकांनाच विचारायचे, तुमच्या घरी आग लागली होती का, आणि दलाला बोलावलं का? हा नोंदवहीबाहेरचा हिस्सा कायम तेवढाच राहतो का, हाच खरा प्रश्न. धूरसूचक घरोघरी आले की आग लवकर कळते आणि लोक स्वतःच विझवतात. त्यात आग घटली की नुसता फोन घटला?

पेडगावकर
मंडळी, धागा वाचून कान तृप्त झाले. पण माझी नऊ मिनिटं कुणी सांगितलीच नाहीत. आणि मला प्रस्तावावर मत लिहून पाठवायचंय.

निशा_यॉर्कशायर
हो, राहिलंच.

देशपातळीवरच्या आकड्यात घड्याळ फोन आल्यावर सुरू होतं आणि पहिली गाडी पोचल्यावर थांबतं. त्याचे तीन तुकडे: फोनवर माहिती घेणं, जवान गाडीत बसून निघणं, आणि रस्ता. एक मिनिटाच्या आतल्या आणि तासाच्या वरच्या नोंदी गाळतात, कारण त्या बहुधा चुकीच्या असतात. आग विझून गेल्यावर कळवलेल्या घटनाही गाळतात, तिथे घाई कुणालाच नसते.

आता खोच. दलं स्वतःच्या अहवालात हेच घड्याळ वापरतील असं नाही. २००४ च्या आधी देशभर एकच मापदंड होते. दाट जोखमीच्या भागात दोन गाड्या पाच मिनिटांत, विरळ गावात एक गाडी वीस मिनिटांत, असे टप्पे. ते रद्द झाले, आता प्रत्येक दल आपलं लक्ष्य आपण ठरवतं. कुणी फोनपासून मोजतं, कुणी गाडीला निरोप गेल्यापासून. दुसऱ्या प्रकारात फोनवर गेलेली मिनिटं हिशोबातच येत नाहीत. तुमच्या प्रस्तावात 'आमचा सरासरी प्रतिसाद इतका' असं लिहिलं असेल तर आधी विचारा, घड्याळ कधी सुरू केलं.

वेळ वाढायला एकच कारण नाही. रस्त्यावरची वाहतूक आहेच. नियंत्रण कक्षही आता जास्त प्रश्न विचारतो, म्हणजे खोट्या अलार्मला गाडी धावायची वाचते. मागणीनुसार येणारे जवान असलेल्या केंद्रात माणसं घरून किंवा कामावरून धावत येतात, मग गाडी हलते. तिथे निघायलाच काही मिनिटं जातात.

बंबवाला
मी एक जोडतो, विचारलं नसलं तरी. 'पहिली गाडी' या शब्दावर बोट ठेवा. पहिल्या गाडीत चार-पाच माणसं. एक पंपावर, एक प्रमुख. श्वसनयंत्र लावून आत जाणाऱ्या जोडीच्या मागे बाहेर पुरेशी माणसं लागतात. मोठ्या घरात कुणी अडकलंय अशी वर्दी असेल तर कामाला खरा जोर दुसरी गाडी आल्यावर येतो. पहिलीची सरासरी जशीच्या तशी ठेवून दुसरी खूप लांबून आणता येते, आणि तक्त्यात ते कुठेच दिसत नाही.

आकडेमोडे
काका, याच मुद्द्यासाठी हा धागा काढला होता असं समजा. पेडगावकर, केंद्र रात्री बंद होणार आहे ना? मग चोवीस तासांची सरासरी तुमच्या काय कामाची? त्यात दिवसाच्या घटनाही मिसळलेल्या असतात. पण रात्रीच माणसं झोपलेली असतात. फक्त बंद राहणार त्या तासांचे आकडे मागा. सरासरी नको, शंभरात नव्वद घटनांमध्ये गाडी किती वेळात पोचते ते मागा.

सडेतोड
आकड्यांवर माझा विश्वास नाही हे कायम ठेवून विचारतो: हे मागितलं तर देतील?

निशा_यॉर्कशायर
द्यावंच लागतं. माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा २००० चा आहे, दलाला कामाचे २० दिवस मिळतात. नेमका पत्ता मिळणार नाही, कुणाचं घर जळालं ते उघड करत नाहीत. पण दुसऱ्या गाडीच्या वेळा नियंत्रण कक्षाच्या नोंदीत असतातच. अर्जात स्पष्ट लिहा: प्रायमरी आगी, मागची पाच वर्षं, बंद राहणारे तास, फोनपासून पहिल्या आणि दुसऱ्या गाडीच्या पोचण्यापर्यंतचा वेळ. 'आगींची माहिती द्या' असं मोघम लिहिलंत तर आमच्यासारखं कुणीतरी तुम्हाला जाडजूड फाइल पाठवेल आणि त्यात मांजरंही असतील.

पेडगावकर
मतं पाठवायची मुदत महिनाअखेर आहे. कामाचे २० दिवस धरले तर उत्तर त्यानंतर येणार.

निशा_यॉर्कशायर
मग अर्ज आज रात्रीच करा. आणि मत पाठवताना त्यातच लिहा की ही माहिती मागितली आहे, ती येईपर्यंत मुदत वाढवा. असं एकाने लिहिलं तर बाजूला ठेवतात. पाच-पंचवीस जणांनी लिहिलं तर वाढवतात.

बंबवाला
मसुदा इथे टाका, मी बघतो. रात्री जागाच असतो.